‘माय नेबर टोटोरो’मध्ये खलनायक नाही, स्पर्धा नाही, मग लहान मुले त्यात इतकी का रमतात?

अंगणवेल

नमस्कार. हायाओ मियाझाकी यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘माय नेबर टोटोरो’ हा १९८८ सालचा जपानी अ‍ॅनिमेशनपट आमच्या चार वर्षांच्या मुलीने पाहिला आणि तेव्हापासून ती दुसरे काही पाहायला फारशी तयार नसते. ही तक्रार नव्हे. तिच्याशेजारी बसून तो पुन्हा पुन्हा पाहताना मलाही तो अधिकाधिक आवडू लागला आहे. मात्र त्याचे आकर्षण नेमके कशात आहे, हे मला नीट सांगता येत नाही, म्हणून येथे विचारते आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. काळ १९५० च्या दशकातला. सात्सुकी आणि मेई या दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या एका जुन्या घरात राहायला येतात, कारण त्यांची आई तेथून जवळच असलेल्या रुग्णालयात दीर्घकाळ उपचार घेत आहे. थोरली सात्सुकी दहा-अकरा वर्षांची, धाकटी मेई चार वर्षांची. घरामागे एक प्रचंड कापराचे झाड आहे आणि त्या झाडात टोटोरो नावाचा केसाळ, अगडबंब, न बोलणारा असा वनातला जीव राहतो. कधीमधी तो मुलींना भेटतो. आईची घरी येण्याची ठरलेली भेट पुढे ढकलली जाते, मेई एकटीच रुग्णालयाकडे निघते व वाट चुकते, आणि अखेरीस सापडते. एवढीच गोष्ट.

लहान मुलांसाठी म्हणून जे चित्रपट आपण एरवी पाहतो, त्यांत कोणीतरी दुष्ट असतो, काहीतरी जिंकायचे किंवा परत मिळवायचे असते आणि दर दोन मिनिटांनी एखादा विनोद किंवा पाठलाग येतो. येथे तसे काहीच नाही. मोठा टोटोरोसुद्धा चित्रपट सुमारे अर्धा तास पुढे सरकल्यानंतरच पडद्यावर येतो. तोवर घर लावणे, अंगण पाहणे, पंपाने पाणी काढणे, फरशी पुसणे हेच चाललेले असते. तरीही माझी मुलगी, जी एरवी एका जागी बसत नाही, ती या अर्ध्या तासात हलतसुद्धा नाही. हे कसे होते?

दुसरा प्रश्न थोडा वेगळा आहे. आईच्या आजारपणाचा भाग आणि मेई हरवते तो भाग इतक्या लहान मुलांना दाखवावा का? माझ्या एका नातेवाइकांनी तो भाग वगळून थेट शेवट दाखवण्याचा सल्ला दिला. मला तसे करणे पटत नाही, परंतु तेथे मुलगी माझा हात घट्ट धरते, हेही खरे आहे. आपली मते वाचायला आवडतील.

चित्ररेषा

अंगणवेलताई, आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी मला मनापासून लिहावेसे वाटते, कारण मी स्वतः हौसेने हलती चित्रे काढते आणि या चित्रपटातले काही प्रसंग मी एकेक चौकट थांबवून पाहिलेले आहेत.

या चित्रपटात काही घडत नाही हे मोठ्यांच्या हिशेबाने खरे आहे. चार वर्षांच्या मुलाच्या हिशेबाने मात्र त्यात सतत काही ना काही घडतच असते, फक्त ते आपण घटना म्हणून मोजत नाही. मेई अंगणात एकटी खेळते तो भाग आठवून पाहा. वडील खोलीत आपल्या कामात गढलेले आहेत. ते विद्यापीठात शिकवतात आणि पुरातत्त्व हा त्यांचा विषय आहे. मेई फुले तोडून आणते आणि त्यांच्या मेजावर मांडून ठेवते. मग डबक्यातले बेडकाचे पिल्लू पाहते. मग तिला बूड नसलेली एक बादली सापडते व ती त्यातून डोळा लावून जगाकडे पाहू लागते, आणि त्या गोल भोकातून पाहताना तिला गवतात पडलेले ओकच्या झाडाचे चकचकीत फळ दिसते. ते उचलावे तर पुढे आणखी एक, त्याच्यापुढे आणखी एक. वेचत वेचत ती पुढे सरकते आणि तिच्यासमोरून एक लहानसा पांढरा, अर्धपारदर्शक जीव चालत जातो. अद्भुत गोष्ट कथेत शिरते ती अशी. तिच्यासाठी कोणताही गाजावाजा होत नाही. ती एका लहान मुलीच्या निरुद्देश भटकण्यातून, खाली वाकून बारकाईने पाहण्यातून सहज उगवते. आपल्या मुलीला हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तिचा स्वतःचा दिवसही याच क्रमाने पुढे जातो: एक वस्तू दिसते, ती दुसरीकडे नेते, दुसरी तिसरीकडे.

आता मेईचे शरीर पाहा. अ‍ॅनिमेशनमध्ये लहान मुले पुष्कळदा छोट्या आकाराची मोठी माणसे असल्यासारखी हलतात. मेई तशी नाही. ती पायऱ्या चढताना हातांचाही आधार घेते, धावताना तिचे सगळे अंग पुढे झुकते, एखादी गोष्ट पाहायची झाली की ती गुडघे वाकवून सरळ खाली बसते, आणि थोरली बहीण जे करील व बोलेल त्याची ती अर्ध्या क्षणाच्या अंतराने नक्कल करते. सात्सुकी ओरडली की मेई ओरडते. सात्सुकी धावली की मेई मागून धावते आणि वळणावर थोडी मागे पडते. हे सारे हाताने, सेल म्हणतात त्या पारदर्शक पत्र्यांवर, चौकटीमागून चौकट रेखाटलेले आहे. ज्याने लहान मुलांना अतिशय प्रेमाने आणि दीर्घकाळ न्याहाळले आहे, त्याच्याच हातून अशी रेषा उतरू शकते. मुलांना रेखाटनाचे तंत्र कळत नसेल, पण समोरचे मूल खरे आहे की खोटे, हे त्यांना अचूक कळते.

पार्श्वचित्रांचाही यात मोठा वाटा आहे. कलादिग्दर्शक काझुओ ओगा यांनी रंगवलेली शेते, झाडी, ओल्या पायवाटा आणि संध्याकाळचे आकाश यांत प्रत्येक वनस्पती आपापल्या ओळखीसह उभी आहे. नुसता हिरवा रंग फासून दिलेला नाही. तोक्योच्या वायव्येस, सायतामा प्रांतातल्या तोकोरोझावा परिसरात आणि सायामा टेकड्यांत मियाझाकींनी जो निसर्ग पाहिला होता, तो या चित्रपटामागे आहे. ते स्वतः तोकोरोझावाचे रहिवासी. शहर पसरत गेले तसा त्या भागातला मोकळा निसर्ग आक्रसत गेला. पुढे तेथील झाडी वाचवण्यासाठी लोकांनी देणग्या जमवून जमिनीचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली, आणि अशा वनांना टोटोरोचेच नाव मिळाले. एखाद्या बालचित्रपटाने खरी झाडे उभी ठेवायला हातभार लावावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शेवटी शांततेविषयी. संगीतकार जो हिसाइशी यांच्या सुरावटी आपल्या सर्वांच्या ओठांवर बसतात, पण या चित्रपटात संगीत कोठे थांबते हेही ऐकण्यासारखे आहे. पावसातल्या बसथांब्याचा प्रसंग मुख्यतः थेंबांच्या आवाजावर उभा आहे. वडिलांची छत्री घेऊन दोघी बहिणी थांबल्या आहेत, अंधार पडतो आहे, मेई पेंगते आणि सात्सुकी तिला पाठीवर घेते. रस्त्याच्या कडेने एक बेडूक संथपणे चालत जातो. मग छत्रीच्या काठाखालून दोन मोठी, नखे असलेली पावले दिसतात. टोटोरो डोक्यावर एक पान ठेवून शेजारी येऊन उभा राहिला आहे. सात्सुकी त्याला वडिलांची छत्री देते, आणि छत्रीच्या कापडावर थेंब वाजताच त्याला असा काही आनंद होतो की तो जोराने उडी मारतो व झाडांवरचे सगळे पाणी एकदम खाली कोसळवतो. एका वनदेवतेला छत्रीचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो, एवढाच हा प्रसंग आहे. घाईत असलेल्या दिग्दर्शकाने तो वीस सेकंदांत उरकला असता. मियाझाकी मात्र मुलांना वाट पाहू देतात, आणि वाट पाहणे हा लहान मुलांच्या आयुष्याचा केवढा मोठा भाग असतो, हे आपण मोठे झाल्यावर विसरतो.

रानपाखरू

चित्ररेषा यांनी पाहण्याविषयी लिहिले आहे, त्याला विश्वास ठेवण्याविषयीची एक गोष्ट जोडतो, कारण माझ्या मते या चित्रपटाचा प्राण तेथे आहे.

मेई टोटोरोच्या पोटावर झोपी जाते, मग सात्सुकीला ती झुडपांच्या बोगद्यात झोपलेली सापडते, आणि टोटोरो दाखवायला म्हणून मेई तिला आणि वडिलांना घेऊन पुन्हा आत शिरते तर वाट फिरून अंगणातच येऊन पोचते. बहीण आणि वडील हसतात. मेईला वाटते की आपल्यावर कोणाचा विश्वास नाही, आणि ती रडकुंडीला येऊन सांगते की मी खोटे बोलत नाही. बहुतेक बालचित्रपटांत येथून पुढे एक ठरलेला संघर्ष सुरू होतो: मोठी माणसे मानत नाहीत, मूल सिद्ध करायला धडपडते, आणि शेवटी सगळ्यांचे डोळे उघडतात. येथे वडील तात्काळ म्हणतात की तुला वनाचा स्वामी भेटला असणार, तू भाग्यवान आहेस, आणि त्याची भेट नेहमीच होते असे नाही. एवढे बोलून ते थांबत नाहीत. ते दोन्ही मुलींना घेऊन त्या कापराच्या झाडापाशी जातात, झाडासमोर सरळ उभे राहतात, मेईला सांभाळल्याबद्दल त्याचे आभार मानतात आणि वाकून नमस्कार करतात. झाडाला पवित्र मानून बांधलेला दोर आणि शेजारचे लहानसे देवस्थान आपल्याला तेथे दिसते. जपानच्या खेड्यांत अशा जुन्या वृक्षांविषयी जो आदर आहे, त्याच भावनेने वडील वागतात.

शेजारच्या आजीही तशाच आहेत. रिकाम्या घरात राहणारे काजळीचे काळे गोळे आपणही लहानपणी पाहिले होते, असे त्या मुलींना सहज सांगतात. रुग्णालयातल्या आईला घर झपाटलेले आहे असे कळते तेव्हा ती घाबरत नाही; तिलाही त्या भुतांना भेटायचे असते. म्हणजे या घरात, या शेजारात, मुलाचे म्हणणे खोडून काढणारा कोणी मोठा माणूसच नाही. तरीही मोठ्यांना टोटोरो दिसत नाही. ते त्याला पाहू शकत नाहीत आणि नाकारतही नाहीत, या दोन गोष्टी एकत्र नांदतात, आणि लहान प्रेक्षकाला त्यातून फार मोठी निश्चिंती मिळते. तुझे जग तुझे आहे आणि आम्ही त्याच्या दाराशी उभे आहोत, असे वागणारी मोठी माणसे पडद्यावर तरी मला क्वचितच भेटली आहेत.

पेरलेल्या बियांचा रात्रीचा प्रसंग याच विचाराचा कळस आहे. टोटोरोने बांबूच्या पानात बांधून दिलेल्या बिया मुली अंगणात पेरतात, आणि त्या उगवत नाहीत म्हणून मेई दिवसेंदिवस वाफ्यापाशी बसून राहते. एका रात्री एक मोठा आणि दोन लहान असे तिन्ही टोटोरो येऊन त्या वाफ्याभोवती वाकून, ताठ होऊन, अंग ताणून नाचू लागतात, मुलीही त्यांच्यात सामील होतात, आणि कोंब फुटून पाहता पाहता गगनाला भिडणारा वृक्ष उभा राहतो. सकाळी वृक्ष नाही. वाफ्यात मात्र खरोखरीचे कोवळे कोंब आहेत. मुली एकाच वेळी ते स्वप्न होते असेही ओरडतात आणि स्वप्न नव्हते असेही ओरडतात, आणि दिग्दर्शक त्यांतले एक निवडायला नकार देतात. माझ्या मुलाने कोंबांकडे बोट दाखवून मला विचारले होते की हे रात्रीचेच का. मी त्याला हो म्हणालो.

सांजवारा

चर्चा वाचून आनंद झाला, तरी एक वेगळे मत नोंदवतो. मला हा चित्रपट अत्यंत प्रिय आहे, पण त्याचा शेवट मला नेहमीच थोडा सोपा वाटत आला आहे. मेई हरवते, सारे गाव शोधायला निघते, सात्सुकी अनवाणी मैलोन्‌मैल धावते, तळ्यात एक चप्पल सापडते आणि आजी हात जोडून प्रार्थना करत बसलेल्या असतात. तो ताण अगदी खरा आहे. त्यानंतर टोटोरो एक डरकाळी फोडतो, बारा पायांची मांजरबस, म्हणजे मांजराच्याच रूपातली बस, येते, तिच्या पाटीवर मेईचे नाव झळकते आणि प्रश्न सुटतो. इतका वेळ ज्या चित्रपटाने जगाला जसे आहे तसे दाखवले, त्याने ऐन संकटात जादूचा आधार का घ्यावा? सात्सुकीला किंवा गावकऱ्यांना ती सापडली असती तर तो शेवट अधिक प्रामाणिक झाला असता, असे मला वाटते. लहान मुलांना असा शेवट हवा असतो हे मान्य. पण मुलांना जे हवे असते तेच देण्याचे काम हा चित्रपट अन्यत्र करत नाही, म्हणून ही अपेक्षा.

निळीशाई

सांजवारा यांच्या आक्षेपाचे उत्तर अंगणवेलताईंच्या दुसऱ्या प्रश्नात दडलेले आहे, असे मला वाटते, म्हणून दोन्हींविषयी एकत्र लिहिते.

हा चित्रपट आईच्या आजारपणातून उगवला आहे. मियाझाकींचा जन्म १९४१ चा. त्यांच्या बालपणी त्यांच्या आईला मणक्याचा क्षयरोग झाला होता आणि ती कित्येक वर्षे अंथरुणाला खिळलेली होती. चित्रपटात आजाराचे नाव घेतलेले नाही. मात्र आई घरी नसलेल्या घरातले दिवस कसे जातात, याची माहिती असलेल्या माणसाने तो लिहिला आहे, हे प्रत्येक दृश्यात जाणवते. सात्सुकी सकाळी उठून सर्वांचे जेवणाचे डबे भरते. रुग्णालयात आई तिचे केस विंचरते तेव्हा ती काही क्षण पुन्हा लहान होते. एरवी ती धाकट्या बहिणीची अर्धी आई झालेली आहे. नव्या घरातल्या एका रात्री वारा सुटून घर करकरते, तेव्हा न्हाणीघरात वडील मोठमोठ्याने हसू लागतात आणि मुलींनाही हसायला लावतात, म्हणजे भीती पळून जाईल. येथे भीती खोटी ठरवलेली नाही. तिच्यासोबत कसे राहायचे ते दाखवले आहे.

मग रुग्णालयाशी संपर्क साधा, अशी तार येते. आईला सर्दी झाली आहे म्हणून तिचे घरी येणे लांबले आहे, एवढाच निरोप प्रत्यक्षात असतो. पण तो कळायला सात्सुकीला शेजाऱ्यांच्या घरी जाऊन दूरध्वनीवरून वडिलांना गाठावे लागते, आणि मध्ये जो वेळ जातो त्यात तिच्या मनातली सारी दाबून ठेवलेली शंका वर येते. मेई हट्ट करते तेव्हा ती तिच्यावर भडकते, आणि नंतर आजींसमोर हमसून रडते: आई गेली तर काय करायचे? मेई ते ऐकत उभी असते. नेहमी सगळे सांभाळणारी बहीण रडताना पाहून तिला परिस्थितीचे गांभीर्य कळते. आजींनी सांगितले होते की त्यांच्या मळ्यातल्या ताज्या भाज्या खाल्ल्या तर आई लवकर बरी होईल. मेईच्या हातात मक्याचे कणीस असते. ते आईला पोचवले की आई बरी होईल, हा विचार तिच्या वयाला अगदी तर्कशुद्ध आहे, आणि म्हणून ती निघते. या मुलीला हरवायला कोणी दुष्ट माणूस लागत नाही. तिचे प्रेमच तिला त्या रस्त्यावर नेते.

सांजवारा, आता मांजरबसकडे पाहा. मेईला शोधण्याआधी सात्सुकी करता येण्यासारखे सगळे करते. ती धावते, वाटेत भेटेल त्याला विचारते, रुग्णालयाच्या रस्त्याने जाऊन येते, तळ्यावर जाते आणि ती चप्पल मेईची नाही हे सांगते. जादू त्यानंतर येते, सगळे प्रयत्न थकल्यावर, आणि तीही फक्त एका मुलीला दुसरीपर्यंत पोचवण्यापुरती. मेई ज्या सहा दगडी जिझो मूर्तींपाशी बसलेली असते, त्या जपानमध्ये मुलांच्या आणि वाटसरूंच्या रक्षणासाठी रस्त्याकडेला उभ्या केल्या जातात. म्हणजे हरवलेली असतानाही ती पूर्णपणे निराधार नव्हती, असे दिग्दर्शक आपल्याला हळूच सांगतात. शिवाय टोटोरो आईला बरे करत नाही. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. इतक्या शक्तिमान जीवाला चित्रपटाने आजाराच्या जवळपासही फिरकू दिलेले नाही. आई बरी होणार ती औषधोपचाराने आणि काळाने. मुली खिडकीबाहेरच्या झाडावर बसून तिला वडिलांशी हसत बोलताना पाहतात आणि खिडकीत कणीस ठेवून परत जातात. कणसाच्या पानावर आईसाठी म्हणून अक्षरे कोरलेली असतात, एवढीच त्यांच्या येण्याची खूण. सांजवारा यांना हवा असलेला प्रामाणिकपणा मला येथे सापडतो.

हा चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला तो स्टुडिओ जिबली या त्याच्या निर्मितीसंस्थेच्याच ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ या इसाओ ताकाहाता यांच्या चित्रपटाबरोबर, एकाच तिकिटावर. एका पडद्यावर युद्धात अनाथ झालेली दोन भावंडे आणि त्याच पडद्यावर सात्सुकी आणि मेई. ती जोडी प्रेक्षकांना पेलणे कठीण गेले असेल, आणि चित्रपटगृहांत टोटोरोला मोठे यश मिळालेही नाही. जाणकारांनी मात्र त्याला उचलून धरले, ‘किनेमा जुन्पो’ या जुन्या चित्रपटविषयक नियतकालिकाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवले, आणि पुढे दूरचित्रवाणीवरून तो घराघरांत पोचल्यावर टोटोरो इतका लाडका झाला की तो जिबलीचे बोधचिन्हच बनला.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे, कारण अंगणवेलताई शोध घेतील तेव्हा ती त्यांच्या समोर येईलच. टोटोरो हा मृत्यूचा दूत असून शेवटच्या भागात मेई व सात्सुकी जिवंत नसतात, त्यांच्या सावल्या दिसत नाहीत हा त्याचा पुरावा, अशी एक अफवा अनेक वर्षे फिरते आहे. स्टुडिओ जिबलीने २००७ साली तिचा स्पष्ट शब्दांत इन्कार केला असून त्या दृश्यांत सावल्यांची गरज न वाटल्यामुळे त्या काढल्या नाहीत, असे सांगितले आहे. ज्या चित्रपटाने मुलांना इतका धीर दिला, त्याच्यावर अशी काळी छाया टाकली जावी याचे मला दुःख होते. कृपया तिकडे लक्ष देऊ नका.

म्हणून अंगणवेलताई, तो भाग वगळू नका. आपली मुलगी आपला हात घट्ट धरते, याचा अर्थ तिला कथा समजली आहे आणि आधार कोठे आहे हेही तिला ठाऊक आहे. मधला भाग गाळून थेट शेवट दाखवला तर मांजरबसमधला तो आनंद तिच्यासाठी नुसती एक गंमत होऊन बसेल.

सांजवारा

निळीशाई, टोटोरो आजाराला हात लावत नाही, हा मुद्दा माझ्या मनात कधीच आला नव्हता. मेईचे सापडणे मला अजूनही किंचित घाईचे वाटते, पण शेवट सोपा आहे हे विधान मी आता तितक्या ठामपणे करणार नाही. जिझो मूर्तींसाठी तो भाग पुन्हा पाहीन.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. बूड नसलेल्या बादलीकडे माझे आजवर लक्षच गेले नव्हते. मुलीला विचारले तर तिने ताबडतोब दोन्ही हातांचा गोल करून डोळ्याला लावून दाखवला. आता दोन व्यावहारिक शंका आहेत. चित्रपट ८६ मिनिटांचा आहे, आणि तिचा धाकटा भाऊ, जो अजून तीन वर्षांचाही नाही, त्याला सलग बसवत नाही. तो दोन भागांत दाखवला तर चालेल का, आणि कोठे थांबावे? शिवाय मूळ जपानी आवाज ठेवावेत की इंग्रजी डबिंग लावावे? आमच्या मुलांना दोन्ही भाषा सारख्याच अनोळखी आहेत.

रानपाखरू

दोन भागांत अवश्य दाखवा. रात्रीच्या वृक्षानंतरची सकाळ, कोंब दिसतात ती, ही थांबण्यासाठी उत्तम जागा आहे. तोवर जवळपास दोन-तृतीयांश चित्रपट होऊन जातो आणि मुले आनंदात असतात. दुसरा भाग मात्र एका बैठकीत, सलग आणि दिवसाउजेडी दाखवावा, म्हणजे तार येण्यापासून मेई सापडेपर्यंतच्या ताणात मूल मध्येच अडकून राहणार नाही आणि तो ताण मनात घेऊन झोपायलाही जाणार नाही. अगदी धाकट्याला टोटोरोच्या पहिल्या डरकाळीची भीती वाटण्याची शक्यता आहे. मेई स्वतः त्या डरकाळीला न घाबरता उलट ओरडते, तिकडे त्याचे लक्ष वेधले तर पुरते.

भाषेचे म्हणाल, तर मी मूळ जपानी आवाज ठेवीन. या चित्रपटात संवाद कमी आहेत आणि जे आहेत त्यांतले पुष्कळसे हाका, हसणे व ओरडणे असेच आहेत; ते कोणत्याही मुलाला कळते. जेथे अर्थ लागणे आवश्यक आहे, म्हणजे झाडासमोर वडील बोलतात तेथे, रुग्णालयात आणि तारेच्या प्रसंगी, तेथे आपण शेजारी बसून मराठीत एखादे वाक्य हळू आवाजात सांगावे. त्याहून अधिक समजावून सांगू नये, आणि आता काय होईल असे प्रश्नही मुलांना विचारू नयेत. त्यांची नजर पडद्यावर जेथे रेंगाळते आहे तेथेच ती राहू द्यावी.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळ घरांत निसटते. शेवटी गाणे आणि श्रेयनामावली सुरू झाली की लगेच चित्रपट बंद करू नका. नावांच्या जोडीने जी स्थिर चित्रे येतात त्यांत आई घरी परत आलेली दिसते आणि मुलींना जवळ घेऊन पुस्तक वाचून दाखवताना दिसते. ती बरी झाली हे मुलांना केवळ तेथेच कळते, आणि आपल्या मुलीने हात घट्ट धरून जो प्रश्न मनात ठेवला असेल, त्याचे उत्तर त्या दोन-तीन मिनिटांत आहे.